घटक ६ : गाव, आडनाव आणि वसाहत

बेने इस्राएल समाजाच्या स्थलांतराचा भाषिक-सांस्कृतिक अभ्यास

६.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यावर आपल्याला,
• मूळ गाव आणि स्थलांतरितांची वसाहत यांचे परस्परसंबंध कोणत्या खुणांवरून ओळखता येतात, ते सांगता येईल.
• ग्रामनामांवरून आलेल्या '-कर'प्रत्ययान्त आडनावांचे सामाजिक महत्त्व स्पष्ट करता येईल.
• बेने इस्राएल समाजाच्या कोकण, मुंबई, ठाणे आणि इस्रायल या वाटचालीतील मराठी भाषेचे स्थान विशद करता येईल.
• आपल्या परिसरातील स्थलनामे व आडनावे यांचा अभ्यासाचे साधन म्हणून उपयोग करता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण बोलीभाषा आणि प्रदेश यांचा संबंध पाहिला. माणसे प्रदेश सोडून जातात, तेव्हा त्यांच्याबरोबर काय जाते आणि मागे काय उरते, याचा विचार या घटकात करावयाचा आहे.

'वसाहत' या शब्दाला मराठीत दोन अर्थच्छटा आहेत. एका राष्ट्राने दुसऱ्या भूमीवर सत्ता स्थापून केलेली वस्ती हा एक अर्थ. एका ठिकाणची माणसे दुसरीकडे जाऊन एकत्र राहू लागली की होणारी वस्ती हा दुसरा. पहिल्या अर्थाचे एक परिचित उदाहरण इंग्लंडमधील आहे. नॉटिंगहॅमशायर परगण्यातील स्क्रूबी या लहानशा गावातील विल्यम ब्रूस्टर आणि त्याचे धर्मबांधव प्रस्थापित चर्चशी मतभेद झाल्यामुळे प्रथम हॉलंडला गेले. पुढे १६२० मध्ये 'मेफ्लॉवर' जहाजाने अमेरिकेस पोहोचलेल्यांमध्ये ब्रूस्टर होता आणि प्लिमथ वसाहतीच्या संस्थापकांत त्याची गणना होते. त्यामुळे आज स्क्रूबीची ओळख सांगताना गावापेक्षा त्या गावाने बाहेर पाठविलेल्या माणसाचे नाव आधी घेतले जाते.

मराठी प्रदेशात मूळ गाव आणि वसाहत यांचे नाते निराळ्या रीतीने टिकले. येथे संस्थापकाच्या नावाने गाव ओळखले गेले नाही. गावाच्या नावाने माणूस ओळखला गेला. हे नाते समजून घेण्यासाठी आपण ठाण्यातील टेंभी नाका येथून सुरुवात करू.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ टेंभी नाक्यावरील प्रार्थनालय

टेंभी नाका आज मुख्यतः नवरात्रोत्सवासाठी ओळखला जातो. याच परिसरात, सिव्हिल हॉस्पिटलच्या रस्त्यावर, ज्यू धर्मीयांचे 'शाआर हाशामायिम' हे प्रार्थनालय आहे. त्याची स्थापना १८७९ मध्ये झाली. या हिब्रू नावाचा अर्थ 'स्वर्गद्वार' असा आहे. बायबलच्या उत्पत्ती या ग्रंथात याकोब बीरशेबा सोडून हारानकडे निघालेला असताना वाटेत त्याला स्वप्न पडते आणि जागा झाल्यावर तो त्या स्थळास स्वर्गाचे द्वार म्हणतो. म्हणजे घर सोडून निघालेल्या प्रवाशाच्या तोंडचा हा शब्द आहे.

हे प्रार्थनालय उभारणारा समाज म्हणजे बेने इस्राएल. 'बेने इस्राएल' म्हणजे 'इस्राएलची संतती'. या समाजाची मातृभाषा मराठी. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली आणि ठाणे हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण म्हणून वाढत गेले. सैन्य, रेल्वे, टपाल व सरकारी कचेऱ्या यांतील नोकऱ्यांनिमित्त या समाजातील अनेक कुटुंबे कोकणातील गावे सोडून मुंबई, ठाणे, पुणे अशा शहरांत आली. ठाण्याचे प्रार्थनालय हे या स्थलांतराच्या मधल्या टप्प्याचे स्मारक आहे. त्यापूर्वीचा टप्पा कोकणातील गावांचा, आणि त्यानंतरचा इस्रायलमधील शहरांचा.

६.३.२ कोकणातील गावे : परंपरा आणि जीवन

या समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज फार प्राचीन काळी समुद्रमार्गे येत असता अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यापाशी त्यांचे जहाज फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया एवढेच वाचले. मृतांना नवगाव येथे पुरले. धर्मग्रंथ समुद्रात बुडाले. 'शेमा' ही प्रार्थना, शब्बाथ, सुंता आणि काही आहारनियम एवढेच स्मरणात राहिले. ही कथा इतिहास म्हणून कागदोपत्री सिद्ध करता येत नाही. तरीही समाजाने आपल्या आरंभाची जागा ठरविताना दूरच्या देशाबरोबर एका कोकणी गावाचेही नाव घेतले, ही गोष्ट सांस्कृतिक दृष्टीने महत्त्वाची आहे.

गावात या कुटुंबांचा परंपरागत व्यवसाय तेल गाळण्याचा होता. शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, ते घाणा बंद ठेवीत. म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. या दोन शब्दांच्या नावात गावाने त्यांचा व्यवसाय आणि धर्माचार दोन्ही नोंदवून ठेवले. गावव्यवस्थेत त्यांना स्थान मिळाले ते तेली म्हणून, आणि त्यांचे वेगळेपण मान्य झाले ते शनिवारमुळे.

व्यक्तिनामांतही असाच मेळ दिसतो. हिब्रू 'शमुएल'चे 'सामाजी', 'यहेज्केल'चे 'हसाजी', 'मोशे'चे 'मुसाजी', 'अब्राहाम'चे 'आबाजी' असे रूप झाले. मूळ नावाचा एखादा ध्वनी राखून त्यास मराठी आदरार्थी 'जी' जोडलेला आहे. नाव ऐकणाऱ्यास ते परके वाटत नाही, आणि नाव धारण करणाऱ्यास ते आपले वाटते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) 'शाआर हाशामायिम' या नावाचा अर्थ सांगा.
(आ) 'शनवार तेली' या नावात कोणत्या दोन बाबी नोंदल्या गेल्या आहेत?

६.३.३ आडनाव : गाव सोडल्याची नोंद

बेने इस्राएल समाजातील आडनावे पाहा : नवगावकर, केहीमकर, झिराडकर, पेणकर, रोहेकर, पेझारकर, अष्टमकर, घोसाळकर, राजपूरकर, दिवेकर. यांतील बहुतेक नावे आजच्या रायगड जिल्ह्यातील गावांची आठवण देतात. नवगाव, किहीम, झिराड, पेण, रोहे, पेझारी ही गावे आजही नकाशावर आहेत.

अशा आडनावांचा सर्वसाधारण अर्थ 'त्या गावचा राहणारा' असा सांगितला जातो. तो अपुरा आहे. किहीम गावात सगळेच किहीमचे; तेथे 'किहीमकर' म्हटल्याने कोणा एकाची ओळख पटत नाही. गावात माणूस बापाच्या नावाने, धंद्यावरून किंवा आळीवरून ओळखला जातो. तोच माणूस मुंबईस किंवा ठाण्यास आला, की पहिला प्रश्न येतो, 'कुठले तुम्ही?' या प्रश्नाचे उत्तर म्हणजे ग्रामनामाचे आडनाव. वतनावरून गावातच आडनाव मिळाल्याची उदाहरणे आहेत. परंतु सामान्य कुटुंबांच्या बाबतीत '-कर' हा प्रत्यय पुष्कळदा राहण्याची नव्हे, तर निघून येण्याची नोंद असतो. पलटणीच्या हजेरीपटावर, शाळेच्या दाखल्यावर व कचेरीच्या कागदांवर हे उत्तर कायमचे आडनाव झाले.

येथे अभ्यासकाने दोन बाबतींत सावध राहावयास हवे. एक, ग्रामनामाचे आडनाव गाव सांगते, धर्म किंवा जात सांगत नाही. दिवेकर, पेणकर, घोसाळकर ही आडनावे हिंदू कुटुंबांतही आहेत. एकाच गावातून निघालेली भिन्न धर्मांची माणसे शहरात आल्यावर एकाच आडनावाची होतात. दोन, आडनाव गावाचे नाव सांगते, पण नेमके गाव सांगेलच असे नाही. श्रीवर्धनजवळ दिवेआगर आहे, भिवंडीजवळ दिवे-अंजूर आहे. 'दिवेकर' या शब्दावरून यांतील एकाचीच निवड करता येत नाही. त्यासाठी कुटुंबाची परंपरा आणि अन्य पुरावा पाहावा लागतो.

६.३.४ सामाजी हसाजी दिवेकर आणि मुंबईतील वस्ती

मुंबईतील बेने इस्राएल वस्तीला संस्थेचे रूप देणारी व्यक्ती म्हणून सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, यांचे नाव घेतले जाते. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात अधिकारी होते. म्हैसूरबरोबरच्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले आणि पुढे त्यांची सुटका झाली. समाजाच्या स्मृतीनुसार सुटकेबद्दलची कृतज्ञता म्हणून त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्रार्थनालय बांधले. बेने इस्राएल समाजाचे हे पहिले प्रार्थनालय. त्याचे हिब्रू नाव 'शाआर हाराहामिम', म्हणजे 'दयेचे द्वार'. त्यासाठी तोराची गुंडाळी आणण्यास ते कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

दिवेकरांनी उभारलेल्या या वस्तीने मुंबईला काही नावे दिली. ज्या रस्त्यावर प्रार्थनालय आहे, तो सॅम्युएल स्ट्रीट झाला. भोवतालची वस्ती इस्राएल मोहल्ला म्हणून ओळखली गेली. बेने इस्राएल लोक आपल्या प्रार्थनास्थळास 'मशीद' असेही म्हणत आणि हे प्रार्थनालय 'जुनी मशीद' म्हणून ओळखले जाई. मध्य रेल्वेवरील मशीद स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले, असे समाजात मानले जाते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीहून दररोज मुंबईस जाणारे हजारो प्रवासी हे नाव ऐकतात.

स्क्रूबीच्या उदाहरणाशी येथे तुलना करता येते. ब्रूस्टर आणि दिवेकर दोघांनीही घरापासून दूर आपल्या धर्मबांधवांसाठी केंद्र निर्माण केले. परंतु ब्रूस्टरच्या आडनावात त्याचे गाव नाही. स्क्रूबीशी असलेले त्याचे नाते इतिहासकारांनी आणि गावकऱ्यांनी जपले. दिवेकरांचे गाव मात्र त्यांच्या प्रत्येक स्वाक्षरीत आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) बेने इस्राएल समाजाचे पहिले प्रार्थनालय केव्हा व कोणी बांधले?
(आ) ग्रामनामाच्या आडनावावरून निष्कर्ष काढताना कोणत्या दोन बाबतींत सावध राहावे?

६.३.५ भाषा : गावाचे दुसरे ओझे

स्थलांतरित माणूस नावाबरोबर भाषा नेतो. शहरात आल्यावर या समाजाचा हिब्रू धर्मग्रंथांशी आणि जगातील इतर ज्यूंशी संबंध वाढला. त्याचा परिणाम मराठी सुटण्यात झाला नाही. मराठीत धार्मिक साहित्य निर्माण होण्यात झाला. वल्हांडणाच्या सणास वाचावयाचा 'हगादा' हा ग्रंथ मराठीसह मुंबईत १८४६ मध्ये व पुण्यात १८७४ मध्ये छापला गेला. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी अनेक हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. १८८० च्या सुमारास मराठी कीर्तनाचे रूप स्वीकारून बायबलमधील आख्याने सांगण्याची प्रथा सुरू झाली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे या प्रकारातील एक आरंभीचे रचनाकार. अब्राहाम, योसेफ यांच्या कथा मराठी आख्यानपरंपरेतील पद्यांतून आणि निरूपणातून सांगितल्या जाऊ लागल्या.

हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या समाजाचा विस्तृत इतिहास इंग्रजीत लिहिला. तो प्रसिद्ध झाला १९३७ मध्ये, तेल अवीव येथे. आडनाव किहीमचे, लेखन मुंबईतले आणि प्रकाशन तेल अवीवचे; समाजाची पुढील वाट कोणत्या दिशेने जाणार होती, हे या ग्रंथाच्या प्रवासातच दिसते.

६.३.६ इस्रायलमधील वसाहत आणि पुराव्याचा प्रश्न

१९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यावर बेने इस्राएल कुटुंबे मोठ्या संख्येने तेथे गेली. १९५१ मध्ये भारतातील ज्यूंची संख्या पंचवीस हजारांहून अधिक होती. २०११ च्या जनगणनेत ती पाच हजारांहूनही कमी झाली. गेलेली कुटुंबे बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद, रामला अशा शहरांत स्थिरावली. हिब्रूत या जाण्यास 'अलिया' म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ 'वर चढणे'. त्यात परतीची कल्पना अनुस्यूत आहे. या समाजाच्या दृष्टीने हे जाणे एकाच वेळी परतणेही होते आणि मूळ गाव सोडणेही.

हे परतणे सोपे नव्हते. कामधंदा, घरे व भेदभाव यांविषयीच्या तक्रारींवरून १९५१-५२ मध्ये बीरशेबातील काही कुटुंबांनी भारतात परत पाठविण्याची मागणी केली आणि काहीजण खरोखर परत आले. त्यांतील बरेच पुढे पुन्हा इस्रायलला गेले. याहून गंभीर प्रश्न १९६२ मध्ये उभा राहिला. तेथील मुख्य धर्मपीठाने विवाह नोंदविणाऱ्या अधिकाऱ्यांस सूचना दिली, की बेने इस्राएल वधूवरांच्या मातृवंशाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. शतकानुशतके कोकणात एकाकी राहिलेल्या लोकांचा वंश व विवाहविधी धर्मशास्त्रास धरून होता काय, अशी शंका त्यामागे होती.

या मागणीचा अर्थ नीट लक्षात घ्या. ज्या गावांत जन्म, विवाह, मृत्यू यांची लेखी नोंद ठेवण्याची रीत नव्हती, तेथील आजी-पणजीचा पुरावा परदेशातील मुलीने तिच्या लग्नाच्या वेळी द्यावयाचा होता. किहीम किंवा झिराड येथे 'शनवार तेली' म्हणून ज्यांचे वेगळेपण सर्व गावास ठाऊक होते, त्यांच्या नातवंडांना तेच वेगळेपण पुन्हा सिद्ध करण्यास सांगितले जात होते. गावाच्या स्मृतीत पुरावा होता, पण तो कागदावर नव्हता. समाजाने जेरुसलेममध्ये धरणे धरले. १९६४ मध्ये हा विषय तेथील संसदेपुढे आला आणि बेने इस्राएल सर्व बाबतींत पूर्ण ज्यू असल्याचे स्पष्ट करण्यात आले. त्यानंतर त्या सूचनेतील बेने इस्राएलांचा खास निर्देश काढून टाकण्यात आला.

या संघर्षानंतरही कोकणाशी असलेले नाते समाजाने लपविले नाही. नवस फेडताना किंवा मंगलकार्याच्या वेळी पोहे, नारळ, गूळ व फळे यांचा 'मलिदा' करून एलियाहू हन्नावी या प्रेषिताचे स्मरण करण्याचा विधी भारतात व इस्रायलमध्येही चालू राहिला. अलिबागजवळील खंडाळे येथे एलियाहू अवतरले अशी श्रद्धा आहे आणि तेथील खडकास समाजातील लोक आवर्जून भेट देतात. 'मायबोली' हे मराठी नियतकालिक इस्रायलमधून निघाले. तरीही घरातील तिसऱ्या पिढीची भाषा हिब्रू झाली आहे. नातवंडांच्या लेखी पुष्कळदा मराठी म्हणजे आजीची भाषा, पदार्थांची नावे आणि आडनाव.

६.३.७ मागे काय उरले?

आता मूळ गावाच्या बाजूने पाहू. स्थलांतरित माणूस गावाचे नाव घेऊन गेला. गावानेही त्याचे नाव ठेवून घेतले. अलिबागमध्ये 'इस्राएल आळी' आहे. नवगावचे दफनस्थान आहे. अलिबाग, पनवेल, पेण, रेवदंडा येथे प्रार्थनालये आहेत. कोठे ती थोड्या कुटुंबांनी चालू ठेवली आहेत, कोठे देखभाल करणाऱ्यावर सोपविली आहेत. शब्बाथच्या सामुदायिक प्रार्थनेस किमान दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती लागते. तिला 'मिन्यान' म्हणतात. गावात दहा पुरुष राहिले नाहीत की वास्तू उभी असूनही विधी थांबतो. त्यामुळे कोकणातील प्रार्थनालयांची मोजणी आणि तेथील जिवंत परंपरेची मोजणी या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात.

या पार्श्वभूमीवर टेंभी नाक्याचे महत्त्व लक्षात येते. ठाणे हे कोकणातील गावांइतके रिकामे झाले नाही. येथे समाज राहिला, प्रार्थना चालू राहिल्या आणि परदेशी गेलेल्यांना परत येऊन भेटण्यासाठी चालती जागा उरली. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यू समाजास अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. संख्येने लहान झालेल्या समाजाच्या अस्तित्वाची ती अधिकृत नोंद होती.

यावरून एक निष्कर्ष काढता येतो. मूळ गाव आणि वसाहत यांचे नाते नावांच्या देवघेवीने टिकते. परंतु नाव आपोआप अर्थ सांभाळीत नाही. 'मशीद' हे स्थानकाचे नाव टिकले आहे, पण ते ऐकणाऱ्या बहुतेकांस दिवेकर आठवत नाहीत. 'झिराडकर' हे आडनाव टिकले आहे, पण दिमोनात जन्मलेल्या मुलास झिराड कोठे आहे हे सांगणारे कोणी हवे. नाव हा दुवा आहे. त्याच्या दोन्ही टोकांना तो अर्थ जाणणारी माणसे असली, तरच तो दुवा राहतो. एरवी तो केवळ उच्चार उरतो. मराठीच्या अभ्यासकाचे काम येथे सुरू होते.

६.४ सारांश

बेने इस्राएल समाजाचे स्थलांतर कोकणातील गावे, मुंबई-ठाणे आणि इस्रायल अशा टप्प्यांनी झाले. ग्रामनामाचे आडनाव ही बहुधा गाव सोडल्याची नोंद असते; ते गाव सांगते, धर्म किंवा जात नव्हे. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत आणि समाजाने १८७९ मध्ये ठाण्यात प्रार्थनालय उभारले. मराठी हगादा, भाषांतरे व कीर्तने यांतून गावाची भाषा धर्मजीवनात रुजली. १९६२-६४ च्या संघर्षात गावाची अलिखित स्मृती हाच नागरिकांच्या विवाहाचा प्रश्न बनला. मागे राहिलेली नावे व वास्तू यांचा अर्थ जाणणारी माणसे असेपर्यंतच हे नाते जिवंत राहते.

६.५ पारिभाषिक शब्द

अलिया : ज्यू व्यक्तीने इस्रायलमध्ये वास्तव्यास जाणे, शब्दशः 'वर चढणे'.
मिन्यान : सामुदायिक प्रार्थनेस आवश्यक असणारी दहा जणांची उपस्थिती.
मलिदा : एलियाहू हन्नावी यांच्या स्मरणार्थ करावयाचा पोहे, गूळ, नारळ व फळे यांचा विधी.
ग्रामनामाचे आडनाव : गावाच्या नावास 'कर' प्रत्यय लागून झालेले आडनाव.

६.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. (अ) स्वर्गद्वार. (आ) तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी काम बंद ठेवण्याचा धर्माचार.
२. (अ) १७९६ मध्ये, सामाजी हसाजी दिवेकर यांनी. (आ) ते धर्म वा जात दर्शवीत नाही. आणि एकाच नावाची अनेक गावे असू शकतात.

६.७ स्वाध्याय

१. 'ग्रामनामाचे आडनाव ही निघून येण्याची नोंद आहे', या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. बेने इस्राएल समाजाच्या धार्मिक जीवनातील मराठीचे स्थान स्पष्ट करा.
३. स्क्रूबी व कोकणातील गावे यांचे आपापल्या स्थलांतरितांशी असलेले नाते तुलनेने मांडा.

६.८ क्षेत्रीय कार्य

आपण राहता त्या इमारतीतील किंवा गल्लीतील ग्रामनामाची दहा आडनावे संबंधितांच्या संमतीने नोंदवा. प्रत्येक कुटुंबातील ज्येष्ठ व्यक्तीस पुढील प्रश्न विचारा : गाव कोणते? ते कोणत्या पिढीने सोडले? कशासाठी सोडले? गावात आज त्या कुटुंबाची कोणती खूण आहे? जेथे उत्तर मिळाले नाही, तेथे तसेच लिहा. कोणत्या पिढीपासून उत्तर मिळेनासे होते, हे शोधणे हाच या कार्याचा मुख्य हेतू आहे.